बेलबॉटमच्या काळातली गिटार

दुकानातला भुसा मी रोज संध्याकाळी झाडून काढतो. किस्से मात्र झाडले जात नाहीत, कोपऱ्यात साचत राहतात. सुखदेवच्या गिटारीचे तर किती साचलेत, आणि गिटार अजून व्हायचीच आहे!

सुखदेव माझा जुना दोस्त. तरुणपणी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. आता त्याचा एक कान गेलाय, दुसराही चाललाय. एक दिवस शहागंजातल्या माझ्या सुतारकामाच्या दुकानात येऊन म्हणाला, "मामा, मला गिटार करून दे. आपल्या बेलबॉटमच्या काळातली. तो आवाज एकदा ऐकू दे, मग कान गेला तर जाऊ दे."

मला सगळे मामाच म्हणतात. उभ्या जन्मात मी दारं-खिडक्याच केलेल्या. सवयीनं विचारलं, "उघडणार कोणत्या बाजूला?"

शेजारी रेडिओ दुरुस्त करणारा सलीमभाई हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला. ऑर्केस्ट्रात सुखदेवचा अ‍ॅम्प्लिफायर तोच सांभाळायचा. म्हणाला, "वायरिंग मैं करतूं. मामा पे छोड़े तो गिटार कू कडी लगा देंगे!"

*

मग रंगावरून जुंपली. जुनी गिटार कधीच मोडून गेलेली. फोटो एकच, तोही ब्लॅक अँड व्हाइट. सुखदेव म्हणे लाल, सलीमभाई म्हणे हिरवी.

शेवटी सुखदेवच्या बायकोला, शांतावहिनींना बोलावलं. लग्नाआधी त्या सुखदेवचा एकही कार्यक्रम चुकवायच्या नाहीत. मी विचारलं, "वहिनी, गिटारीचा रंग कोणता होता?"

वहिनींनी पदर सारखा केला. "मी गिटारीकडं कुठं बघत होते!"

सुखदेवला ऐकू गेलं नाही. "काय म्हणली?"

सलीमभाईनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन ते वाक्य असं ओरडून सांगितलं, की समोरचा बांगडीवालाही लाजला!

रंग लालच ठरला.

*

लाकूड मी निवडलं. जुन्या चौकटीचं सागवान, दगडासारखं पक्कं. फळीला पट्टा बांधून सुखदेवच्या गळ्यात अडकवली. तो वाकला तो वाकलाच.

"मामा, हे वाजवायचं का घराला लावायचं?"

आता शिवणीचं लाकूड आणलंय. हलकं, पिवळसर. बोटानं टिचकी मारली की छान बोलतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिघं त्या फळीला आळीपाळीनं टिचक्या मारत बसतो. चहा गार होतो.

*

लासूर स्टेशनचा किस्सा सलीमभाई दर आठवड्याला सांगतो. भर कार्यक्रमात लाईट गेली. स्पीकर बंद, सगळं मैदान चिडीचूप. सुखदेव मात्र डोळे मिटून वाजवतोच आहे!

पुढून एकजण ओरडला, "ओ भाऊ, लाईट गेली!"

सुखदेव म्हणाला, "तुमची गेली असंल!"

*

परवा माप घ्यायचं होतं. कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन मी गिटारीचा आकार कापला आणि सुतळी बांधून सुखदेवच्या गळ्यात घातला. सलीमभाईनं माझ्या कानावरची पेन्सिल घेतली आणि पुठ्ठ्यावर दोन गोल काढले. "ये टोन. ये वॉल्यूम."

सुखदेव दाराशी उभा होता. दुपारचं ऊन आत आलेलं, उन्हात भुसा तरंगत होता. मी म्हणालो, "हात कुठवर जातो, बघ."

त्यानं डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं पुठ्ठ्यावर सरकायला लागली. उजवा हात हलायला लागला, मग पाय. बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता, ते त्याच्या गावीही नव्हतं. मी हातातला रंधा हळूच खाली ठेवला.

बऱ्याच वेळानं त्याच्या कपाळाला आठी पडली. डोळे न उघडता तो म्हणाला, "सलीम, आवाज लई झालाय रं. जरा कमी कर."

सलीमभाई उठला. पेन्सिलीच्या त्या गोलावर त्यानं दोन बोटं ठेवली आणि हळूच डावीकडं फिरवली.