मोठ्या बाईंची पट्टी

आमच्या मोठ्या बाई पेशंटला कधी "काय होतंय?" असं विचारत नसत. समोर येऊन बसलेल्या बाईला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "शेवटचं कुणाच्या लग्नाला गेला होतात?" ती गोंधळायची. मग आठवायला लागायची, आणि आठवता आठवता तिचा चेहरा पडायचा. खोकलं की गळतं, शिंकलं की गळतं, हंडा उचलला की आतलं अंग खाली उतरतं, अशी बाई लग्नाला जात नाही. एसटीत बसत नाही. चारचौघींत बसलीच तर उठताना मागे वळून जमीन बघते. हे तोंडाने सांगायला आमच्याकडच्या बायका मेल्या तरी तयार नसत, म्हणून बाईंनी ही लग्नाची वाट काढली होती.

बाई डॉक्टर. केडगावात त्यांचं लहानसं हॉस्पिटल होतं आणि नव्वदनंतरची बरीच वर्षं मी तिथे सिस्टर होते. मोठ्या म्हणायला दुसरी कोणी लहान बाई तिथे नव्हती, आणि उंचीने तर त्या माझ्या खांद्याला लागत. ऑपरेशनच्या स्टुलावर बसल्या की पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून खाली पाट ठेवावा लागे. पाट ठेवायला विसरले की माझी खैर नसे. आवाज मात्र पार पुणे रोडपर्यंत जायचा. सुरुवातीला मी त्या आवाजाला फार भ्यायचे.

"पोट फाडून कुणीही करील," असं त्या म्हणायच्या. त्या खालच्या, बाळंतपणाच्या वाटेने काम करत. ओटीपोटावर सुईपुरती दोन भोकं पाडायची, त्यांतून दोरा ओवून सैल पडलेली लघवीची पिशवी वर टांगायची, आणि सुई पिशवीतून आरपार तर गेली नाही ना, हे दुर्बीण आत घालून बघायचं. दुर्बिणीला डोळा लावला की बाई एकदम गप्प होत. सगळं ठीक दिसलं की "झकास" म्हणत आणि मग मलाही बघायला लावत. चौथ्या दिवशी पेशंट चालत घरी जाई. त्या वेळी आमच्या भागात हे नवलच होतं.

पण या नवलानेच एकदा घात केला. तिसगावची तारा नावाची सून होती, तिशीतली. तिचं ऑपरेशन छान झालं. जाताना बाईंनी तिच्या सासूला समोर बसवून बजावलं, की तीन महिने हिने हंडा, पाटी, मूल काही उचलायचं नाही. सासू "व्हय, व्हय" म्हणाली. दीड महिन्यात तारा परत आली. सगळं पुन्हा खाली उतरलं होतं.

"काय उचललंस?" बाईंनी विचारलं. उत्तर सासूने दिलं, तेही अगदी सरळ मनाने. "टाका न्हाई, पट्टी न्हाई. चार दिसांत चालत घरी आली. आमाला वाटलं, नुसतं तपासलंच आसंल. शेजारणीचं पोट फाडलं हुतं, तर तिला सव्वा महिना खाटंवरनं उतरू दिलं न्हाई."

बाई ओरडल्या नाहीत, तेव्हाच मला धडकी भरली. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. दुर्बीण बाजूला ठेवल्यावर त्या "झकास" म्हणाल्या नाहीत. हात धुताना मला म्हणाल्या, "आता दोरा धरील असं मांस फारसं उरलेलं नाही. पुन्हा उतरली तर मी काही करू शकणार नाही. ही पोर जन्मभर अशीच राहील."

मग त्यांनी कापसाची मोठी गादी मागवली. जिथे पोस्टाच्या तिकिटाएवढी चिकटपट्टी पुरली असती, तिथे बेंबीपासून खाली पार मांडीच्या सांध्यापर्यंत कापूस, त्यावर चार पदरी पट्टी, आणि मधोमध थोडंसं लाल औषध. लढाईवरून आणलेला शिपाई असावा तशी तारा दिसायला लागली. "बाई, हे खोटं नाही का?" मी घाबरतच विचारलं.

"सिस्टर, टाका आत आहे, पट्टी बाहेर आहे. खोटं काय त्यात?"

तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येकीला अशी पट्टी बांधून घरी धाडायची पद्धत पडली. दर आठवड्याला येऊन ती बदलून घ्यायची. एरवी देवापुढेही खोटं न बोलणाऱ्या बाईंनी ही एक गोष्ट बिनदिक्कत केली. तारा दोनदा येऊन गेली. दोरा जागेवर होता. तिसऱ्या आठवड्यात मात्र ती आली नाही. तिची सासू एकटीच आली. बाईंच्या टेबलावर तिने पट्टीची गुंडाळी ठेवली.

"न्हाताना भिजली म्हणून मीच सोडली," म्हातारी म्हणाली. "खाली काय बी न्हाई. दोन बारके ठिपके."

"हो. पट्टी खोटी आहे, ऑपरेशन खरं आहे," बाई म्हणाल्या. "पोरीला कामाला लावलंत का?"

"न्हाई वो. तुमी येवढा खटाटोप केला, म्हंजे आत कायतरी मोठं आसंल, येवढं कळतंय मला. माज्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली तिला. घरात कुनाला सांगितलं न्हाई. पानी मी आनते." मग तिने पदर तोंडाशी धरला. "बाई, माजंबी आंग खाली हाय. धाकल्याच्या येळंपासून."

धाकटा तेव्हा कॉलेजात होता.

बाईंनी तिला तिथल्या तिथे तपासायला घेतलं. त्याच आठवड्यात म्हातारीचं ऑपरेशन झालं, तेही झकास झालं. घरी जायच्या दिवशी ती म्हणाली, "मलाबी तशीच पट्टी बांधा, मोठी."

"तुम्हाला कशाला?" बाई हसल्या. "तुम्ही घरातल्या मोठ्या. तुम्हाला काम सांगणारं आहे कोण?"

"मीच की," म्हातारी म्हणाली. "दुसरं कुनी न्हाई सांगत. माजं मलाच ऱ्हावत न्हाई. पट्टी दिसली म्हंजे हात थांबंल."

एरवी पट्टी मी बांधायचे. त्या दिवशी बाईंनी माझ्या हातातून कापूस घेतला आणि स्वतः खाली बसून, सावकाश, एकेक पदर बांधला. थोरल्या मुलाला, म्हणजे ताराच्या नवऱ्याला, आत बोलावून "पाणी तू भरायचं" असं सांगताना त्यांचा आवाज पुन्हा पुणे रोडपर्यंत गेला. तो सायकलला कॅन अडकवून पाणी आणायला लागला. गावाने नावं ठेवली, पण ताराचा दोरा टिकला, म्हातारीचाही टिकला. पुढे पेशंटबरोबर आलेल्या सासूलाही बाई तपासूनच सोडत.

बाई गेल्या, त्यालाही आता खूप वर्षं झाली. माझं वय त्या म्हातारीएवढं झालं आहे. सून चांगली आहे, "बसा हो आई" म्हणते. मी बसते, आणि पाचव्या मिनिटाला उठून भांड्यांना हात घालते. अशा वेळी बाईंची फार आठवण येते. त्यांच्यासारखं ओरडून मला खाली बसवणारं आता कुणी नाही.