मॅटखालची बोटं

आमच्या नांदेडच्या स्टेडियमचा इतिहास कुणी सांगायला लागलं की फीत कापण्यापासून सुरुवात होते. कोण मंत्री आले, पायऱ्या कुणी बांधल्या, हार किती पडले. मला राग येतो. त्याच्या कितीतरी आधी, निजामाच्या शेवटच्या वर्षांत, तिथं नुसतं गायरान होतं आणि त्या गायरानापायी माझी आत्या जळत होती. इतिहास तिथून सुरू होतो.

आत्याचं नाव चंद्रप्रभा. तिचे यजमान रेणुकादास मास्तर शाळेत शिकवायचे. हैदराबादेत शिकताना त्यांना क्रिकेटचं वेड लागलं होतं. तालुकदारसाहेबांच्या मागे लागून त्यांनी गायरानाचा एक तुकडा खेळायला मोकळा करून घेतला. गवताची खेळपट्टी वगैरे लाड तेव्हा कुठले? माती चोपून घट्ट करायची, शेणानं सारवायची, वाळली की वर काथ्याची मॅट ताणून खिळे ठोकायचे. सारवायचं काम शिवगंगाकडे होतं. तिच्या नवऱ्याचं शेत मैदानाला लागूनच होतं. ती आधी हातानं सारवायची आणि मग ओलं पोतं फिरवून सगळं पाटीसारखं सपाट करायची.

मास्तर घरी येऊन जेवायला बसले की म्हणायचे, "शिवगंगाचा हात लई साफ हाय." त्या वेळी आत्या त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढत असायची. ज्या जमिनीवर ते मांडी घालून बसायचे ती सकाळीच तिनं सारवलेली असायची, पाची बोटांच्या कमानी एकीला एक लावून, एक बोट इकडचं तिकडं नाही. गल्लीत लग्न निघालं की सारवायला पहिलं बोलावणं तिला. मास्तर मात्र त्यावर कधी चांगलं नाही, वाईट नाही, काहीच बोलले नव्हते.

"रूपावर भाळले असते तर मी समजून घेतलं असतं," आत्या मला सांगायची. "पण सारवणावर?"

अशात लातूरच्या संघाशी सामना ठरला. आदल्या दिवशी दुपारी मास्तर पाहुण्यांना आणायला मोटार अड्ड्यावर गेले आणि आत्यानं डोक्यावर पदर घेऊन बादली उचलली. शेणात घरची पांढरी माती घट्ट कालवली होती. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. शिवगंगाचं ते सपाट काम पाहून तिच्या अंगाचा भडका उडाला. ही कसली सारवणारीण, बोट उमटवता येत नाही. आत्यानं सगळ्या पट्टीवर दुसरा हात दिला, जाड, आणि प्रत्येक कमान दिवाळीच्या अंगणात असावी तशी काढली. उन्हानं संध्याकाळच्या आत ती दगडासारखी वाळली. सकाळी मॅट अंथरणाऱ्यांनाही ती नक्षी छान वाटली. त्यांनी कौतुकानं वर खिळे ठोकले.

मग काय व्हायचं ते झालं. एक चेंडू जमिनीलगत सरपटायचा, दुसरा थेट कपाळावर यायचा. मास्तर सलामीला गेले आणि त्यांचा पुढचा दात पडला. जेवणाच्या आत नांदेडचा डाव आटोपला. लातूरवाले कसेबसे जिंकले, पण शिव्या देतच लॉरीत बसले. आपल्या लोकांनी मॅट उचकटली, खालची बोटं पाहिली आणि सगळं शिवगंगावर ढकललं. हिला लातूरवाल्यांनी फितवलं, उद्यापासून हिला मैदानावर पाय ठेवू देऊ नका, असं चाललं होतं.

त्या संध्याकाळी शिवगंगा आत्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत्याला वाटलं, आता ही भांडणार. तिनंही पदर खोचला.

"मास्तरीणबाई," शिवगंगा म्हणाली, "समदे माझ्यावर उठले व्हते. मास्तर खाली बसले, बोटांवरून हात फिरवला आन् म्हणाले, ही शिवगंगाची न्हाईत, आमच्या घरची हायत." मग तिनं आत्याच्या हातांकडे पाहिलं. "तीन सालापासून सारवून राहिले मी. मधी आठ रोज माझी जाऊ सारवत व्हती, तवा बी मास्तर म्हणले, शिवगंगाचा हात लई साफ. तुमची बोटं मातर तोंडातलं रगत पुसत पुसत वळखली." आणि ती पाणीही न घेता निघून गेली. त्या दिवशी जळत होती ती शिवगंगा.

मास्तर आले ते सुजलेलं तोंड घेऊन. आत्यानं त्यांना मऊ भात कालवून दिला आणि शेवटी विचारलंच, कशी ओळखलीत?

"लग्नापासून त्यांच्यावरच जेवतोय," ते म्हणाले. "खाली मान घातली की तीच दिसतात."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं?" असं म्हणून ते भात गिळत राहिले.

गोष्ट इथं गोड करून संपवता आली असती. पण दोन-चार दिवसांत शिवगंगा पुन्हा कामाला लागली आणि मास्तर पुन्हा ताटावर बसून तिच्या हाताचं गुणगान करायला लागले. आत्याही पहिल्यासारखीच जळायला लागली. मास्तर गेल्यावरसुद्धा ते थांबलं नाही. मी एकदा तिची समजूत घालायला गेलो, म्हटलं, तुझा हात तर त्यांना डोळे झाकूनही ओळखता आला असता, आणखी काय पाहिजे?

"ओळखायला मी आणि कौतुकाला ती," आत्या म्हणाली. "मला उलटं चाललं असतं."