उलटा हात

स्टार्टरची पेटी असो, अनोळखी कुत्रं असो नाहीतर चहाचा पेला असो, आण्णा कशालाही आधी उलटा हात लावायचे. बोटांची मागची बाजू, टेकली न टेकली अशी. मग जरा थांबून सरळ हात. एकदा मी कारण विचारलं.

"ताई, करंट उतरला आसंल आन तळहात लावला, तर मूठ मिटती. मग धरल्यालं सुटत न्हाई. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपसूक मागं येतो."

"आणि चहाच्या पेल्यात कुठला करंट?"

"सवय मोडली की माणूस मेला," आण्णा गंभीरपणे म्हणाले आणि पेला उचलला.

आमची उपसा सिंचन संस्था कृष्णाकाठी आहे. आमचा काठ साताऱ्याचा, समोरचा सांगलीचा. नदीचं पाणी मोटरींनी उचलून वरच्या उसाला पाळीपाळीनं द्यायचं, एवढंच काम. पण त्यात जितकी भांडणं मावतात तितकी भाऊबंदकीतही मावत नसतील. मी संस्थेची सचिव. पाळ्यांच्या याद्या करते आणि त्या पाळून घेते. याद्यांची सवय इतकी लागली आहे की बाजारातली भाजीसुद्धा मी क्रमांक टाकून आणते. आण्णा पंपहाऊसवर. मोटर चालू करायची, बंद करायची, आणि मधल्या वेळात तिच्या आवाजाकडं कान देऊन बसायचं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे "माझं नाव नगं." यमाईच्या जत्रेला वर्गणी द्यायचे, पण पावतीवर 'एक भक्त' लिहायला लावायचे. पुतणीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून त्यांचं नाव छापलं, तर पत्रिका वाटायला जायला तयार होईनात. कुणी पाळी नसताना पाणी वळवलं की मला येऊन सांगायचे, "वरच्या आळीला पाट फुटलाय. माझं नाव नगं."

"आण्णा, मोटरीवर तुम्ही एकटेच. दुसरं कोण सांगणार?"

"ते खरं. पण नाव नगं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साधा पत्ता सांगायचा तरी आधी इकडंतिकडं बघून घेतात. मला तो भित्रेपणा गमतीचा वाटायचा. पुढं केबल चोरीला गेली आणि त्यातली गंमत संपली.

एका उन्हाळ्यात पंपहाऊसची तांब्याची केबल पाठोपाठ दोनदा कापून नेली. पाळ्या बंद पडल्या, ऊस माना टाकायला लागला, आणि लोक माझ्या ऑफिसात येऊन मला, नदीला आणि सरकारला एकाच दमात शिव्या देऊ लागले. संशय विक्यावर होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला पोरगा, पंचविशीच्या आतबाहेरचा. चोरीचे गुन्हे आधीच दाखल, जामिनावर सुटलेला. आण्णांनी त्याला दिवेलागणीला केबलजवळ पाहिलं होतं. ही बातमी बीटच्या हवालदाराच्या कानावर गेली आणि तो पंपहाऊसवर आला.

"आण्णा, जबाब द्या. गोपनीय आसतोय. तुमचं नाव कुठंच येणार न्हाई."

आण्णांना दुसरं काय पाहिजे होतं? त्यांनी सांगितलं, हवालदारानं कागदावर सही घेतली, चहा झाला.

थोड्याच दिवसांत विक्याला उचललं. यात खटला नव्हता, उलटतपासणी नव्हती. जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम निघाला होता की हा इसम बाहेर राहिला तर लोकांच्या शांततेला धोका आहे, म्हणून त्याला वर्षभरासाठी स्थानबद्ध करावं. जेल लांबची. गाव खूश झालं. मीही झाले, खोटं कशाला सांगू. नवी केबल टाकली, यादीप्रमाणं पाळ्या फिरू लागल्या.

मग एका दुपारी विक्याची आई ऑफिसात आली. रोजानं भांगलायला जाणारी विधवा बाई. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्स कागद. कराडच्या एका वकीलबाईंनी हायकोर्टात आव्हान द्यायचं ठरवलं होतं. हायकोर्ट आता कोल्हापुरात बसतं, मुंबई गाठावी लागत नाही, एवढाच तिला आधार.

"ताई, ह्यात काय लिवलंय ते वाचून सांगा. पोरगं म्हणतंय, आई, मी आसलं कायबी केलं न्हाई."

मी वाचू लागले. तेवढ्यात आण्णा पाळ्यांची यादी न्यायला आले आणि दारातच थांबले.

"साक्षीदार अ. मी नदीकाठी मोटरीवर कामास असतो. सदर इसमाने माझे मानेला कोयता लावून, पोलिसांस सांगितल्यास तुझी खांडोळी करीन, अशी धमकी दिली. आरडाओरडा ऐकून लोक दारे लावून घरात..."

मी वरची ओळ पुन्हा बघितली. नाव काळ्या शाईनं खोडलं होतं. काम तसंच ठेवलं होतं. गावात मोटरीवर काम करणारा माणूस एकच.

विक्याच्या आईनं हळूच मान वळवली. आण्णांनी चौकटीला उलटा हात लावला होता आणि तो तिथंच राहिला होता.

"आण्णा," ती म्हणाली, "तुमच्या मानंला कोयता लावला माझ्या पोरानं?"

"माझं नाव..." आण्णा कसंबसं बोलले.

"न्हाई की. ह्यात तुमचं नाव कुठं हाय? सांगणाऱ्याला नाव न्हाई, लिवणाऱ्याला नाव न्हाई. मग नाव फकस्त माझ्याच पोराला व्हय?"

आण्णा यादी न घेताच गेले.

मी कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवत नाही. संध्याकाळी यादी घेऊन पंपहाऊसवर गेले. आण्णा बाजेवर बसले होते, मोटर चालू होती, तरी ते कुजबुजत बोलत होते.

"ताई, मी आसं बोललोच न्हाई. कसला कोयता? पोरगं केबलीपाशी वाकलं हुतं, मी खाकरलो, तशी धूम पळालं. मी भ्यायचं लांबच, तेच मला भ्यालं!"

"मग सही करताना वाचलं नाही?"

"त्यो म्हणला नाव येणार न्हाई. मी म्हणलं, मग काय वाचायचं?"

विक्याच्या आईनं माझ्याकडं ठेवलेल्या कागदांत आणखी एक जबाब होता, साक्षीदार ब याचा. तो मी घरी जाऊन नीट वाचला. तोच कोयता, तीच खांडोळी, तीच दारं लावून पळणारी माणसं. फक्त जागा वेगळी. हा ब कोण, ते मला आजही माहीत नाही. कदाचित मी त्याला दर आठवड्याला पाळी देत असेन.

वकीलबाईंना हे समजलं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की आण्णांनी हेच प्रतिज्ञापत्रावर सांगितलं तर पोरगा सुटू शकतो. नाव, पत्ता, सही, सगळं लागेल. आण्णांनी निरोप ऐकला आणि त्या दिवसापासून ते घाबरले ते घाबरलेच. याआधीची भीती म्हणजे नुसती तालीम वाटावी असं घाबरले. रस्त्यावरून जीप गेली की रेडिओ बंद. विक्याचे दोस्त मोटरसायकलवरून येऊन पंपहाऊससमोर नुसती गाडी रेस करत उभे राहायचे. बोलायचे काही नाही. आण्णा आतून कडी घालून बसायचे. स्वतःच्या घराच्या दारालाही आता ते आधी उलटा हात लावायला लागले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मला म्हणाल्या, "जेवताना भाकरीला बी लावत्यात ओ."

मग हवालदार आला. मी तिथंच होते, मीटरचे आकडे घेत होते. अगदी गोड बोलत होता.

"काय आण्णा, तब्येत बरी हाय न्हवं? पोरगं मिलिटरीत कुठं आसतंय सध्या? आरं वा. बरं, ती वकीलबाई कुणाकुणाला भेटतीय म्हणं गावात. तुमी कशाला पडताय त्यात? आवं, कागद काय, कुणाच्या बी नावाचा तयार हुतोय."

चहा पिऊन तो गेला. मीसुद्धा मीटरचे दोन आकडे चुकीचे लिहिले होते. आण्णांनी रिकामे पेले गोळा केले. मग उठले, तोंड धुतलं.

"ताई, कराडला कवा जायचं? काय काय लागंल त्याची यादी करा."

मी विचारलं, "आण्णा, भीती नाही वाटत?"

"लय वाटतीया. म्हणून तर चाललोय. आज त्या पोराच्या हातात कोयता दिला. उद्या माझ्या हातात देतील. मग मी कुणाला सांगू, की माझा न्हाई म्हणून?"

मी यादी केली. आधारकार्ड, फोटो, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. चष्म्याखाली दोन रेघा ओढल्या.

कराडच्या ऑफिसात वकीलबाईंनी टेबलावर कागद पुढं ओढला. "पूर्ण नाव सांगा."

आण्णांनी सांगितलं. ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी वडिलांच्या नावासकट असं खणखणीत सांगितलं की बाहेरच्या बाकावरचे पक्षकार आत डोकावले. इतकी वर्षं एकत्र काम करून मीही ते पूर्ण नाव पहिल्यांदाच ऐकत होते.

मग लिखाण झालं आणि आण्णांनी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. शेवटी म्हणाले, "ह्यात एक राहिलं. केबल त्यानंच नेली आसंल, आसं मला वाटतंय."

वकीलबाई दचकल्या. "काका, आपण त्याच्या बाजूनं आहोत!"

"मी कुणाच्या बाजूनं न्हाई. मी मोटरीवर हाय."

"पण हे लिहायची गरज नाही."

"मग ह्यो कागद बी अर्धाच खरा हुईल. पयल्या कागदासारखा."

बरीच घासाघीस झाली. अखेर, पोरगा केबलजवळ वाकलेला दिसला आणि मला पाहून पळाला, त्याच्या हातात कोयता नव्हता, त्यानं धमकी दिली नाही, एवढं लिहिलं गेलं. आण्णांनी कागदाला उलटा हात लावला आणि सही केली.

कोल्हापूरला सुनावणीला आम्ही तिघं गेलो, विक्याची आई, आण्णा आणि मी.  कोर्टाच्या व्हरांड्यात तो हवालदार त्याच्या फौजदार साहेबांच्या मागं उभा होता. त्यानं आण्णांकडं एकदाच पाहिलं, आणि आण्णा माझ्या मागं येऊन उभे राहिले. साठीचा माणूस, माझ्या पदराआड. मी हसले नाही. मला स्वतःला कुणाच्या तरी मागं उभं राहावंसं वाटत होतं.

आत दोन न्यायाधीश. वकीलबाईंनी दोन्ही जबाब शेजारीशेजारी ठेवून वाचले, मग प्रतिज्ञापत्र. आण्णांचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं. शाळेत हजेरीला घालतो तशी आण्णांनी मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाले, "हाय."

स्थानबद्धता रद्द झाली. मला समजलं ते एवढं, की चोरीचा संशय असेल तर चोरीचा खटला चालवा, पुरावा द्या, शिक्षा करा. एका केबलीनं गावाची शांतता मोडत नाही आणि एकाच साच्यातून काढलेल्या जबाबांवर माणसाला वर्षभर कोंडता येत नाही. विक्याच्या आईला यातलं काहीच कळलं नाही. ती माझा दंड धरून विचारत होती, "म्हंजी येतोय का? ताई, येतोय का त्यो?"

तो आला. चोरीचे खटले अजून चालू आहेत, तारखेला जातो.

आणि आण्णांना बोलावणी सुरू झाली. कधी चौकशी, कधी नुसतंच "साहेबांनी बोलावलंय." जायचे, बाकावर दिवसभर बसायचे, संध्याकाळी काही न विचारताच कुणीतरी "जावा आता" म्हणायचं. हात कुणी लावला नाही. पण आण्णांचे हात कापायला लागले, आणि कापऱ्या हातानं स्टार्टर चालत नाही. मुलानं फोनवरून हट्ट धरला, काकूंनी बोचकी बांधली. माणमध्ये, दहिवडीकडं, मुलीच्या घरी जायचं ठरलं.

"तिथं शेरडं राखीन," मला म्हणाले. "नदी न्हाई, मोटर न्हाई, केबल न्हाई. माणसानं भ्यायला कायच न्हाई बघा."

काकू आदल्या दिवशीच पुढं गेल्या होत्या. निघायच्या सकाळी मी पंपहाऊसची किल्ली घ्यायला गेले. आण्णा पिशवी घेऊन उभे, एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जायचं म्हणून. इतक्यात मोटरसायकल येऊन थांबली. विक्या. एकटाच. त्यानं इंजिन बंद केलं. रेस केली नाही.

"आण्णा, बसा. सोडतो."

आण्णांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पारावर माणसं होती, सगळी बघत होती.

"गाडी कुणाची रं?" आण्णांनी विचारलं, तेही मोठ्यानं.

"माझीच हाय आण्णा. कागद दावू?"

"ऱ्हाऊ दे. कागद लय बघितलं."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. सीटला उलटा हात लावून पाहिला. मग पाय टाकून मागं बसले. विक्यानं गाडी चालू केली, रस्ता खड्ड्यांचा, आणि पहिल्याच खड्ड्याला आण्णा डगमगले. त्यांचा हात पुढं गेला. मी बघत होते. उलटा नाही, सरळ. तळहात विक्याच्या खांद्यावर पडला आणि मूठ मिटली.

वळणापर्यंत ती सुटलेली मला दिसली नाही.