जिला मी संघात घेतलं नाही

मी खो-खोची खेळाडू. फुटबॉलला पहिल्यांदा पाय लावला तेव्हा माझं वय चौतीस होतं आणि पनवेलच्या कॉलेजात क्रीडाशिक्षिका म्हणून लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. विद्यापीठाचं पत्र आलं की मुलींच्या फुटबॉल स्पर्धेत जास्तीत जास्त कॉलेजांनी भाग घ्यावा. प्राचार्यांनी ते पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि संघ उभा करायला सांगितलं. मला फुटबॉल येत नाही हे सांगायला मी तोंड उघडलंही होतं, पण माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती. मी हो म्हणून बाहेर आले.

निवड मला येत होती तशी केली. मैदानाला चार फेऱ्या, मग शंभर मीटर. पहिल्या पंधरा जणी घेतल्या. सगळ्यांत शेवटी आली ती एक उंच, संथ मुलगी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची, बाजारपेठेमागच्या कोकणी मुसलमान घरातली. तिला जमणार नाही असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि बसून बघितलं तर चालेल का, असं विचारलं. मी म्हटलं, मैदान काही माझ्या मालकीचं नाही. मग ती रोज यायला लागली. मैदानाकडेच्या पायरीवर बसायची, खेळ संपला की उठून जायची.

पहिला सामना आम्ही नऊ गोलांनी हरलो. माझ्या मुली पळाल्या मात्र जीव तोडून. दहाच्या दहा जणी बॉलमागे एका घोळक्यात, आणि बॉल घोळक्यातून निसटला की समोरची एखादी मुलगी मोकळ्या मैदानात निवांत उभी. गोलमध्ये होती उरण रस्त्यावरच्या गावातली, मिठागरवाल्यांच्या घरातली एक दांडगी मुलगी. नववा गोल झाल्यावर तिने बॉल उचलून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी नजर वळवली.

परतताना एसटीत ती संथ मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. सामना बघायला ती आपली आपण आली होती.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू?" ती म्हणाली. "सगळ्या जणी बॉल आहे तिथे पळतात. बॉल आता जाणार आहे तिथे कुणीच नसतं."

मला राग आलाच. पळस्पे येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी गेल्यावर भाजी चिरताना तेच वाक्य डोक्यात, कुकर लावतानाही तेच. खो-खोत मी वर्षानुवर्षं हेच तर करत आले होते. समोरची कुठे वळणार हे आधी ओळखायचं आणि मग उठायचं. तेच मी मैदानावर विसरले होते.

दुसऱ्या दिवशी तिला जिमखान्यात बोलावलं आणि म्हटलं, समजावून सांग. तिने कॅरम बोर्ड मांडला. नऊ पांढऱ्या सोंगट्या, नऊ काळ्या. अकरा व्हायला दोन्हीकडे बुद्धिबळाची दोन-दोन प्यादी घेतली. लाल राणी म्हणजे बॉल. तासाभरात तिने मला ऑफसाइड समजावला, जो नियमांच्या पुस्तकात वाचून माझ्या टाळक्यात शिरला नव्हता. हे कुठे शिकलीस, असं विचारल्यावर ती जरा लाजली. तिचे वडील बारा वर्षं आखातात नोकरीला होते. दर शुक्रवारी तिथल्या कामगारांचे सामने व्हायचे आणि ते त्यांच्या कंपनीचे गोलकीपर होते. संध्याकाळी घरी फोन यायचा. अम्मीशी घरचं बोलून झालं की फोन हिच्याकडे, आणि वडील तिला अख्खा सामना सांगायचे. ही शाळेपासून पाटीवर ठिपके काढत तो ऐकत आलेली. वडिलांना खेळताना मात्र तिने कधीच पाहिलं नव्हतं.

मग आमचं ठरूनच गेलं. दुपारी दोनला कॅरम बोर्ड, चारला मैदान. दोन वाजता ती जे सांगायची ते मी चार वाजता मुलींना सांगायची, जणू माझंच. ती पायरीवर बसून ऐकायची. संघाला एकच आवाज हवा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे मला भीती वाटायची. अठरा वर्षांच्या मुलीकडून मी शिकते हे कळलं तर मुली माझं ऐकतील का, प्राचार्य काय म्हणतील, असलं सगळं.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक सामना बरोबरीत सोडवला आणि त्यानंतरचा जिंकला. इथल्या एका छोट्या पेपरात माझा फोटो आला. खाली छापलं होतं की प्रशिक्षिकेला खेळाची उत्तम जाण आहे. मी ते कात्रण जिमखान्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. कॅरम बोर्ड त्याच कपाटात असायचा. तिने दार उघडलं, वाचलं आणि म्हणाली, "फोटो छान आलाय, मॅडम." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या हिवाळ्यात तिचे वडील रजेवर आले. एका संध्याकाळी लेकीबरोबर मैदानावर आले आणि अर्धा तास रेषेबाहेर उभं राहून बघत होते. मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अदबीने मला विचारलं की गोलकीपरला दोन गोष्टी दाखवल्या तर चालतील का. पन्नाशीचा माणूस, पांढरी दाढी, पँटचे पाय दुमडलेले. दोन दांड्यांमध्ये उभा राहिला आणि मुलींना म्हणाला, मारा. मुली आधी बिचकल्या, मग एकीने जोरात मारला. त्यांनी डावीकडे झेप घेऊन तो धरला आणि धुळीतून हसत उठले. मी लेकीकडे पाहिलं. ती पायरीवरून उठून उभी राहिली होती आणि ओढणीने डोळे पुसत होती.

निघताना ते मला म्हणाले, "मॅडम, मुली जागा धरून खेळतात, बघून बरं वाटलं. हे त्यांना कुणी शिकवलं?"

मी उत्तर देण्याआधीच ती म्हणाली, "मॅडमनीच, अब्बा."

त्यांनी मला सलाम केला आणि दोघं फाटकातून बाहेर पडली. मी हातात बॉलची जाळी घेऊन तशीच उभी राहिले. लोकांनी केलेलं कौतुक मी आजवर बिनदिक्कत घेत होते, पण ते त्या माणसाकडून घेताना माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू होण्याआधी मी सगळ्यांना बसवलं, तिलाही पायरीवरून बोलावून घेतलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. कॅरम बोर्ड, दुपारी दोनची शिकवणी, पेपरातलं कात्रण, सगळं. शेवटी आमची मिठागरवाली गोलकीपर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "आमाला म्हायत हाय, मॅडम. तुमी पयले तिच्याकडं बघता, मंग बोलता."

मुली हसल्या, मीही हसले. एवढीच माझी भीती होती.

त्या दिवसापासून मैदानात तीच बोलायची. मी शिस्त, व्यायाम, पालकांच्या भेटी आणि परवानग्या सांभाळायची. ती कॉलेजात होती तोवर आम्ही फार काही जिंकलो असं नाही, पण कुणी आम्हाला नऊ गोलांनी हरवलं नाही. बी.ए. झाल्यावर तिने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. मग प्रशिक्षकांच्या परवान्याचा अभ्यासक्रम निघाला, त्याला आम्ही दोघी बरोबर गेलो. वर्गात सगळ्यांत मोठी मी, आणि पंचवीस पुरुषांत बाई म्हणून आम्ही दोघीच. ती पहिल्या फटक्यात पास झाली. मी नापास. तिने मला पुन्हा बसायला लावलं आणि आठवडाभर रोज येऊन माझी उजळणी घेतली. दुसऱ्यांदा मी निघाले कशीबशी.

खाडीपलीकडच्या एका कॉलेजात मुलींच्या संघासाठी मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली तेव्हा तिने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. मी लिहिलं की या बाईंनी स्वतः स्पर्धेत एकही सामना खेळलेला नाही, आणि मला जे काही फुटबॉल येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे. मुलाखतीत तिला त्या पहिल्या वाक्यावरच प्रश्न विचारले गेले. ती म्हणे न अडखळता उत्तरं देत गेली, आणि तिला घेतलं. आपल्याच कॉलेजात राहिली असती तर, असं मला त्या दिवशी वाटलं नाही असं नाही. पण तिच्या अम्मीने पाठवलेल्या शिरखुर्म्याचा डबा हातात होता आणि फार वेळ वाईट वाटून घेता आलं नाही.

तीन वर्षांनी कळंबोलीच्या मैदानावर आमची आणि तिची गाठ पडली. तोवर तिचं लग्न होऊन ती रोडपालीला राहायला आली होती आणि तिच्या संघाचा बऱ्यापैकी दबदबा होता. बॉल कुंपणावरून उडाला की पलीकडे थांबलेले ट्रकवाले तो परत फेकायचे आणि जरा वेळ थांबून बघायचे. पहिला गोल आमचा. उत्तरार्धात तिने एका मुलीची जागा बदलली, फक्त एकीची, आणि आमची डावी बाजू कोलमडली. आम्ही दोन-एकने हरलो.

माझ्या मुली रडवेल्या झाल्या होत्या. ती आधी त्यांच्याकडे गेली, एकेकीला नाव विचारून कोण कुठे चांगली खेळली ते सांगितलं. मग माझ्याजवळ आली.

"मी ती मुलगी हलवली तेव्हा तुम्ही काहीच का केलं नाहीत?" तिने विचारलं.

मला दिसलंच उशिरा, असं मी खरं सांगितलं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, हेही तिला विचारलं. ती खाली वाकली आणि काडीने मातीत मैदान आखायला लागली. माझ्या मुली एकेक करून भोवती येऊन उभ्या राहिल्या. तिच्या मुलीही आल्या. आमच्या गाडीचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून शेवटी चहा प्यायला निघून गेला.