क्लिपरमध्ये बंद केलेला नियम

मित्रांनो, आज माझ्याच प्रोग्रामनं मला अडवलं.

ऐंशीच्या दशकात महाल भागातल्या एका वधू-वर मंडळाला मी तो करून दिला. अजून तोच चालतो. तेव्हाच्या डीबेस भाषेतला प्रोग्राम कोणीही उघडून बदलायचं, म्हणून मी क्लिपर हा कंपायलर घेतला. त्यातून निघालेल्या प्रोग्रामचं आतलं कोणाला दिसत नसे, बदलताही येत नसे. मुलीपेक्षा लहान मुलगा यादीत येणार नाही, हा नियमही आत टाकला.

आज माझ्या छत्तीस वर्षांच्या मुलीचं नाव टाकलं. यादी कोरी.

"मले लहान पोरगाबी चालते," ती म्हणाली.

"मशीन दाखवूनच नाही राहिली. भाऊ, तुम्हीच बदला," मंडळाच्या काकू म्हणाल्या.

बदलायला मूळ कोड लागतो. त्याची फ्लॉपी कधीच बुरशीनं गेली.

"बाबा, हा नियम काहून टाकला?"

"तेव्हा मंडळाचं तसंच होतं."

तेव्हापासून मंडळात असलेल्या काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मंडळानं तो नियम कधी मागितलाच नव्हता.

मुलीला आता खरं कसं सांगू?