जिपार एजेच्या शिव्या

जिपार एजेचं तोंड भारी फटकळ. आमच्या डोंगराळ नारीन गावच्या दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेट्या जिथे आहेत, तिथली ती सगळ्यांत जुनी डॉक्टर. एजे म्हणजे ताई, पण तिचे साहेबसुद्धा तिला एजेच म्हणतात. मी तिच्या हाताखाली शिकले, म्हणजे तिची बोलणी खात शिकले. चहात तळलेला बोरसोक बुडवून खातानाही ती कुणाला ना कुणाला झापत असते. तरी तिच्या निवडक शिव्या बाळांसाठी राखून ठेवलेल्या.

सकाळी बाळं तपासून झाली की ती बाहेर येते. नातेवाईक वाट बघत उभेच असतात. "तुमच्या त्या माकडानं आज जरा जास्त दूध पचवलं. नाक बघितलंत का त्याचं? बटाटा बरा." लोकांचे चेहरे खुलतात. आमच्यात बाळाला चांगलं म्हणत नाहीत, नजर लागते. एजे मात्र त्याच्याही पुढे गेलेली. बाळ दगावलं तरच ती चांगलं बोलते. "फार देखणी होती लेक," एवढंच म्हणते आणि आईचा हात धरून बसून राहते. मरणाचा शब्द तिनं कधी काढला नाही. त्यामुळे पार डोंगरातल्या शेवटच्या वस्तीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, जिपार शिव्या देतेय तोवर घाबरायचं कारण नाही.

चोल्पोन म्हणून एक बाई, तिची पहिली मुलगी आमच्याच इथे गेली. नंतर, मेंढ्या कुरणांवरून खाली आणायच्या दिवसांत, तिला मुलगा झाला, तोही वेळेआधीच. ओंजळीत मावेल एवढा. पावडरचं दूध त्याला सोसेना, पोट फुगायचं. आईचं दूध मिळालं नाही तर हा हातचा जाणार, हे आम्हाला दिसत होतं. आणि आई वरच्या मजल्यावर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली. दूध उतरत नव्हतं आणि खाली यायला ती तयार नव्हती.

"पहिलीला बघितलं आणि ती गेली. याला मी बघणार नाही," ती म्हणायची.

मी तर हात टेकले. एजेनंही वर जाऊन तिला चांगलं फैलावर घेतलं, पण ती हलली नाही. तिची सासू, शाइर आपा, तेवढी दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असायची, एजेच्या तोंडून नातवाला चार शिव्या ऐकायला.

त्यात आमचा आझामात. राजधानीतून नुकताच आलेला डॉक्टर. पोरगा मनाचा चांगला, पण शिकताना कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की नातेवाइकांशी गोड बोलावं. एका सकाळी एजे कामात अडकली म्हणून हा शहाणा बाहेर गेला, आपासमोर उकिडवा बसला आणि मायेनं म्हणाला, "आपा, फार देखणं बाळ आहे हो तुमचं."

आपानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग भिंतीकडे वळली आणि तिनं मयताचा विलाप धरला.

तो सूर आमच्याकडे कुणाला ओळखावा लागत नाही. वरच्या मजल्यावर पोचला तशी चोल्पोन अनवाणीच जिन्यावर आली.

एजे धावत बाहेर आली. आझामात पांढराफटक पडला होता.

"काय बोललास?"

"देखणं म्हणालो फक्त."

"गाढवा, दुसरा शब्द सापडला नाही तुला?" मग ती आपाकडे वळली. "आपा, गप्प बसा बघू. धडधाकट श्वास घेतोय तो. बेडकासारखं पोट, म्हाताऱ्यासारखं कपाळ, असलं कार्टं उचलून न्यायला कोण येणार आहे?"

आपाचा आवाज उतरला, पण चोल्पोन शेवटच्या पायरीवर थिजलेली. "खोटं," ती म्हणाली. "मला धक्का बसू नये म्हणून शिव्या देताय."

एजेच्या शिव्यांवरचा विश्वास उडाला तर ह्या बाईला पटवायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

एजेनं चोल्पोनचं मनगट धरलं, तिला आत आणलं, हात धुवायला लावले, खुर्चीत बसवलं, गाऊनची बटणं सोडली. चोल्पोननं डोळे घट्ट मिटून घेतले होते. एजेनं पेटी उघडली, नळ्या-वायरींसकट बाळ उचललं आणि तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून वरून दुलई घातली. आझामात माझ्या शेजारी नखं खात उभा होता.

मशीनवरचे आकडे आधी घसरले, मग सावरले. बाळानं अंग ताणलं आणि शिंकलं. चोल्पोननं डोळे उघडले. बघत राहिली, बघतच राहिली. काचेपलीकडे आपा रुमाल तोंडात धरून उभी होती.

"ई, काय हे ध्यान," चोल्पोन म्हणाली. "एजे, तुम्ही तर कमीच सांगितलंत. किती कुरूप आहे हा." आणि त्याच्या डोक्यावर ओठ टेकवून ती हमसून रडायला लागली. "कुरूप कुठला. माझा कुरूप."

एजेनं तोंड फिरवलं. "बघत काय उभी राहिलीस," ती माझ्यावर खेकसली. "वाटी आण. दूध गळतंय तिचं."