कूलरसकट पाळणा

मुकुटबनला मावशीच्या नातवाचं बारसं ठरलं आणि तिच्या सुनेकरवी आईला निरोप आला, पाळणा रेकॉर्ड करून पाठवा. 'या' असं त्यात कुठेच नव्हतं. मागे एका लग्नात आईने माइक हातचा सोडला नाही, मावशीचं कडवंही स्वतःच म्हणून टाकलं. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद. बोलावल्याशिवाय आई सख्ख्या बहिणीकडेही जात नाही, आणि आपणहून बोलावेल ती मावशी कसली.

बाभुळगावात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणाऱ्याला आमच्या घरात जेवण मिळत नाही. मी कूलरसकट पाळणा मोबाइलवर घेतला आणि मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसलो. आईला मांडवातल्यासारखा घुमणारा आवाज हवा होता, म्हणून आधी घुमारा चढवला. मग आवाज वाढवला. कूलरही वाढला, वर घुमायला लागला. शेवटी खरखर काढायला गेलो, तर कूलर राहिला आणि आई गेली. जी थोडीफार उरली ती बोअरच्या पाइपातून गात होती. ऐकून तिने शांतपणे विचारलं, ही बाई कोण.

माझा क्रमच उलटा होता. आधी खरखर काढायची, मग आवाज सारखा करायचा, घुमारा सगळ्यात शेवटी. मी खिचडी शिजल्यावर तांदळातले खडे वेचत होतो.

मूळ फाइल पुन्हा उघडली. खरखर काढायला नुसत्या कूलरचा एक तुकडा लागतो, म्हणून गाण्याआधी मी आईला जरा गप्प बसायला सांगितलं होतं. आई आणि गप्प! त्या तुकड्यात कूलरच्या घरघरीत ती हळूच विचारत होती,

"पाळणाच मांगतला काय रे? मले ये नाही म्हटलं तिनं?"

रेकॉर्ड करताना माझं लक्ष मोबाइलकडे होतं. आता ऐकलं. मी काहीच साफ केलं नाही, फाइल होती तशी मावशीला पाठवून दिली. आईला सांगितलं तेव्हा तिने मला घराबाहेर काढायचंच तेवढं बाकी ठेवलं.

संध्याकाळी आईला मावशीचा फोन आला. आधी तिने आमच्या कूलरचा यथेच्छ उद्धार केला. मग म्हणाली, "तो कूलर बंद कर अन् निघ. पाळणा दोघी म्हणू."

आईने उठून स्वतःच्या हाताने कूलर बंद केला.

"येतो," ती म्हणाली. "माइक तू धर."